कुणाचेही घर

अट्रॅक्टा होर्कनने काठीने काटेरी वेली दाबून धरल्या आणि ओहायोहून आलेल्या नवराबायकोला आत जायला वाट करून दिली. नवरा उंच होता, दारातून वाकून गेला. बायको उंबऱ्यावरच थबकली आणि तिने छातीवर हात ठेवला. आता डोळे भरून येतील, अट्रॅक्टाच्या मनात आले. आलेच.

छप्पर कधीच कोसळले होते. उरल्या होत्या चार दगडी भिंती, चुलीवरची काळवंडलेली कमान आणि चुलीच्या जागी कमरेएवढे माजलेले, अंगाला लागले की आग करणारे रान.

“इथे बसत असेल ती,” बाई कुजबुजली. “शेकत.”

“बसत असेल.”

“ब्रिजेट.”

“ब्रिजेटच,” अट्रॅक्टा म्हणाली. या भागात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो एखाद्या ब्रिजेटला लागला असता.

नवऱ्याने भिंतीवरचा एक सुटा दगड उचलून हातात तोलला. “एक नेला तर चालेल का?”

“न्या की. तुमचाच आहे.”

त्याने तो रुमालात गुंडाळला, लहान मूल गुंडाळावे तसा. पश्चिमेकडची भिंत गेल्या काही वर्षांत अशीच मूठमूठ करून अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला पोचली होती. अट्रॅक्टाला त्याचे काही वाटत नसे. आयत्या बिळावर नागोबा होऊन येणाऱ्यांना बीळच काय, त्यातली मातीसुद्धा पवित्र वाटते. वाटू दे.

किलमोरनच्या चर्चच्या सभागृहामागे एक खोली होती. तिच्या दारावर फादरांनी पाटी लावली होती : ‘आपले आयरिश पूर्वज शोधायला शिका’. त्या पाटीतला ‘शिका’ हा शब्द आजवर एकानेही वाचला नव्हता. लोक येत ते थेट निकाल मागायला. शिंप्याकडे शिवायला टाकलेला कोट न्यायला यावे तसे येत. हातात आजीच्या तोंडचे एक आडनाव, तेही मोडके, आणि गाव विचारले तर सांगत, “आयर्लंड.” अट्रॅक्टा त्यांना म्हणे, “आयर्लंड हा पत्ता नाही. टपालवाल्याला विचारा.” ते हसत. त्यांना वाटे, बाई विनोदी आहे.

आणि सगळ्यांना पूर्वज कसे हवे असत, तर गरीब, पण देखणे. भुकेने व्याकूळ, पण स्वाभिमानी. जमीनदाराच्या माणसांनी घराबाहेर काढलेले चालत. शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून त्याला बाहेर काढायला हातभार लावणारे चालत नसत. कुणाचाही पणजोबा दारू पिऊन खड्ड्यात पडून मेलेला नव्हता. मग इथले खड्डे कुणी भरले, असा प्रश्न अट्रॅक्टाला पडे. तो ती विचारत नसे.

घर दाखवण्याचा प्रकार एका पावसाळी दुपारी सुरू झाला. टोरांटोची एक म्हातारी होती. तिच्या माणसांची वाडी अट्रॅक्टाने शोधून काढली, तर तिथे आता नुसते कुरण, आणि कुरणात एक ओली गाय. म्हातारी गायीकडे पाहत राहिली. तिचे ओठ थरथरू लागले. अट्रॅक्टाला भूक लागली होती, घरी जायचे होते. परतताना ड्रमीनच्या वळणावर तिने गाडी थांबवली आणि काठीने एक पडके घर दाखवले, “ते बघा. ते तुमचं.” म्हातारीने तिचे हात हातात घेऊन चुंबले.

इतके सोपे होते. त्यानंतर ज्यांचे काही उरले नव्हते, किंवा जे शोधायचा अट्रॅक्टाला कंटाळा आला होता, त्या सगळ्यांचे घर तेच झाले. गावाला माहीत होते. गाव बोलत नव्हते, कारण रडून झाल्यावर लोकांना भूक लागते आणि ते खाली नोलनच्या खानावळीत जाऊन मटणाचा रस्सा मागतात.

जुलैच्या सुरुवातीला व्हर्ना टॅन्सली आली. टास्मानियात आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, सत्तरीची, रुंद खांद्यांची बाई. पायांत पुरुषी बूट, पाठीला पिशवी. तिने आल्या आल्या सांगितले, “माझी खापरपणजी कॅथरीन स्कॅहिल. मेंढी चोरली म्हणून काळ्या पाण्यावर, टास्मानियाला धाडलेली.”

अट्रॅक्टाने पहिल्यांदा मान वर करून पाहिले. पूर्वज चोर होता हे कबूल करणारे गिऱ्हाईक तिने पाहिले नव्हते. तरी तो दिवस शुक्रवारचा होता, आणि व्हर्नाचा आवाज मोठा होता. अट्रॅक्टाने तिला सरळ गाडीत घालून ड्रमीनला नेले.

व्हर्ना भिंतींच्या आत जाऊन उभी राहिली. तिने कमानीला हात लावला, वर आभाळाकडे पाहिले, खाली जमिनीकडे पाहिले. रडली नाही.

“कशावरून?” ती म्हणाली.

“कशावरून म्हणजे?”

“म्हणजे हे तिचंच, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“मी वीस वर्षं हेच करते बाई.”

“ते झालं. पण कशावरून?” तिच्या स्वरात संशय नव्हता. मूल एखादे यंत्र कसे चालते ते विचारते, तशी ती विचारत होती. “आणि दारावर पाटी आहे ना, शिका म्हणून? मला शिकवा. मला घाई नाही. पुढच्या महिन्यापर्यंत माझी इथे कुणी वाट बघत नाही आणि तिथेही नाही.”

अशी ती अट्रॅक्टाच्या गळ्यात पडली.

रोज सकाळी भाड्याच्या सायकलवरून यायची, अंड्याचे सँडविच टेबलावर ठेवायची, आणि खोलीभर तो वास. शिकायला ती मंद होती. बाप्तिस्म्याच्या वहीतले जुन्या पाद्र्यांचे लॅटिन बघून म्हणायची, “ही कोण कॅथरिना?” अट्रॅक्टा म्हणायची, “तुमचीच मेंढीचोर. लॅटिनमध्ये सगळेच संत वाटतात.” स्कॅहिल कुठे सापडेना, तेव्हा अट्रॅक्टाने कपाळावर हात मारून घेतला.

“अहो, तुम्ही एकच स्पेलिंग धरून बसलात! त्यांना स्वतःला लिहिता येत होतं का? पाद्री कानाला आलं ते लिहायचा. त्याला सर्दी झाली असेल तर नाव वेगळं. काहिल बघा, स्कील बघा, स्काहेल बघा. नाव हे कानानं शोधायचं, डोळ्यानं नाही.”

“कानानं,” व्हर्ना म्हणाली आणि पुटपुटत नावे वाचू लागली.

“आणि वयांवर विश्वास ठेवू नका. म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं तेव्हा अख्खं गाव दहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारं झालंय. बाप्तिस्म्याला उभं कोण राहिलं ते बघा. आईबाप सगळ्यांचे सारखेच असतात, पॅट आणि मेरी. धर्मबाप कोण, धर्ममाय कोण, त्यावरून कळतं माणूस कुठल्या घरचा. मामा असतो, आत्या असते. त्यांच्या मागे जा.”

“आणि ज्या जनगणना डब्लिनला आगीत गेल्या—”

“गेल्या त्या गेल्या. त्यांच्यावर रडायला बाहेर अमेरिकन आहेत.”

व्हर्ना मनापासून हसली. अट्रॅक्टाला त्या हसण्याचा राग आला. आपण अपमान केला की समोरच्याने तो घ्यावा, एवढी तरी रीत असायला हवी. ही बाई अपमानही चहासारखा घ्यायची, आणखी थोडा द्या म्हणून.

“सगळ्यात आधी काय करायचं, माहीत आहे?” एकदा ती वैतागून म्हणाली. “मेलेल्यांच्या मागे लागण्याआधी जिवंतांना विचारायचं. शेजारीपाजारी, म्हातारेकोतारे. कागद थांबतात. म्हातारे थांबत नाहीत. पण तुम्हा लोकांना जिवंत माणसांशी बोलायचं नसतं. ती उलट उत्तरं देतात.”

हे मात्र व्हर्नाने मान हलवून ऐकले.

अखेर कॅथरीन सापडली. स्काहेल म्हणून, लिसकूलच्या वाडीत, बाप्तिस्म्याला मामा उभा. व्हर्नाने ती नोंद स्वतः शोधली. अट्रॅक्टा तेव्हा खिडकीशी उभी राहून नखे कापत होती. त्या दुपारी दोघी लिसकूलला गेल्या. वाडी नव्हतीच. वनखात्याने लावलेले काळेकुट्ट सूचिपर्णी झाडांचे रान, रांगा आखलेल्या, खाली ना गवत ना पाखरू. अट्रॅक्टा हात बांधून उभी राहिली. आता रड, तिच्या मनात होते. शिकायचे होते ना? घे. शिकल्याने हेच मिळते.

व्हर्ना एका बुंध्यावर बसली, सँडविच काढले आणि खाऊ लागली.

“छान आहे,” ती म्हणाली.

“काय छान आहे? इथे काहीसुद्धा नाही.”

“नाही ना. पण आता ‘नाही’ हे मला माहीत आहे.” तिने तोंडातला घास गिळला. “आधी मला नुसतं वाटत होतं. अर्धं खाता?”

“नको.”

“मग ते घर कुणाचं? ड्रमीनचं? माझं तर नव्हतं.”

“असेल कुणाचं तरी,” अट्रॅक्टा म्हणाली. “अशी पडकी घरं पैशाला पासरी आहेत.”

दोन-तीन दिवसांनी ती दुकानात पाव घेत होती तेव्हा मागून जार्लाथ आला. जार्लाथ ड्रमीनच्या वळणावर राहणारा, ऐंशी ओलांडलेला ब्रह्मचारी. अट्रॅक्टाला त्याने शेंबडी असल्यापासून पाहिलेले.

“तुझी ती टास्मानियावाली आली होती गं माझ्याकडे,” तो म्हणाला. “चांगली बाई आहे. माझ्या सायकलची साखळी बसवून दिली.”

“कशाला आली होती?”

“विचारत होती. पलीकडच्या घराचं.”

अट्रॅक्टाने पाव पिशवीत टाकला. “मग? काय सांगितलंस?”

“खरं ते. तुम्हा होर्कनांचं आहे म्हणालो. माइल्स होर्कनचं. पोरगी तिथेच जन्मली म्हणालो, आई जाईपर्यंत तिथेच होती.” त्याने टोपी मागे सारून डोके खाजवले. “मी कशाला खोटं बोलू? मी काय पूर्वज शोधून देतो?”

दुकानदारीण खाली मान घालून हसली. अट्रॅक्टा बाहेर पडली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. झाकायला त्यात काही नव्हते. गावातली कुत्रीसुद्धा जाणत होती ते घर कुणाचे. त्या बाईने विचारले होते, आणि विचारायला तिला शिकवले होते कुणी, ते आठवून ती संतापली.

होर्कनांनी आयुष्यात कुणाला काही दिले नव्हते. बाप माइल्स, ज्याला चर्चमधल्या रविवारच्या मिस्सापलीकडे कुणाशी बोलायला शब्द लागत नसत. आई ओनर, जी नवऱ्याच्या आणि मुलाच्या मधे उभी राहून राहून भिंतीसारखी झाली होती. आणि भाऊ फेस्टस. एका कालवडीवरून बापलेकांचे बिनसले. कालवड फेस्टसने वाढवली होती, बापाने त्याला न विचारता विकली. बस्स, एवढेच. गवत कापून पडले होते ते तसेच टाकून फेस्टस इंग्लंडला गेला. कॉव्हेंट्रीत मोटारीच्या कारखान्यात लागला, असे कुणीतरी येऊन सांगितले. त्यानंतर काही नाही. बापाच्या मातीला आला नाही, आईच्या मातीला आला नाही. आईला पुरून आल्यावर अट्रॅक्टाने दाराला कडी घातली, गावात कौन्सिलचे भाड्याचे घर घेतले आणि छप्पर पडले तेव्हा बघायलाही गेली नाही. अशा घराच्या भिंती निदान ओहायोच्या उपयोगी पडत असतील तर पडू देत, असे तिला वाटे. त्यात तिला एक सूड घेतल्याचे सुख होते. कुणावर, ते तिने कधी विचारले नव्हते.

व्हर्ना दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आली. घराचा विषय तिने काढला नाही. लॅटिन वाचत बसली. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाली, “तुम्ही तुमच्या स्वतःच्या माणसांचा शोध घेतलात कधी?”

“कशाला? मला ठाऊक आहेत ती कुठे आहेत. काही कबरीत, काही इंग्लंडात. दोन्हीकडून पत्र येत नाही.”

“हं,” व्हर्ना म्हणाली आणि पान उलटले.

ग्रोर्क मंडळी आली ती महिन्याच्या अखेरीस. विस्कॉन्सिनहून, एक बस भरून. सगळ्यांच्या अंगात हिरवेगार टीशर्ट, पाठीवर छापलेले : ‘ग्रोर्क कुळ मायदेशी परत’. त्यांचा म्होरक्या ड्वेन ग्रोर्क, विमा विकणारा, गुलाबी चेहऱ्याचा, प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारणारा. त्याने फादरांना थाप मारली, नोलनला मारली, अट्रॅक्टाला मारू पाहिली. तिने वेळेवर काठी मधे धरली.

“आमची माणसं इथून गेली एकोणिसाव्या शतकात,” तो म्हणाला. “उपाशी. अनवाणी. पण ताठ मानेनं.”

“अर्थात,” अट्रॅक्टा म्हणाली.

ग्रोर्क मंडळींची वाडी शोधायला अर्धा दिवस पुरला असता. ती तिने शोधली नाही. हिरव्या टीशर्टांचा तो कळप पाहून तिला इतकी शिसारी आली की, त्यांना खरे काही देणे म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणे, असे तिने ठरवून टाकले. बस निघाली तेव्हा व्हर्ना दारात उभी होती.

“मी येऊ?”

“या. पण तोंड उघडायचं नाही.”

“मी शिकायला आलेय,” व्हर्ना म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

ड्रमीनला सगळे ठरल्याप्रमाणे झाले. वेली दाबून धरल्या, लोक आत शिरले, आधी हसत, मग एकाएकी गप्प. एका तरुणीने हुंदका दिला. ड्वेनने फोन उंच धरून भाषण केले. त्यात भूक होती, जहाज होते, स्वातंत्र्य होते. त्याने भिंतीला आयर्लंडची खूण म्हणून प्लास्टिकच्या तिपानी पाल्याचे तोरण अडकवले. अट्रॅक्टा बाहेर उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. पलीकडे जार्लाथ आपल्या फाटकावर रेलला होता, खेळ बघायला आल्यासारखा.

“तुम्ही. काठीवाल्या बाई.”

हाक खालून आली. दाराशी घडीच्या खुर्चीवर एक वाळकी म्हातारी बसवलेली होती. तिने टीशर्ट घातला होता, पण त्यावर स्वेटरची बटणे गळ्यापर्यंत लावून.

“मी बर्निस. त्या बोंबलणाऱ्याची आत्या.” तिने हनुवटीने ड्वेनकडे दाखवले. “याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते मी. नाताळला फोन करतो, तोही घाईत. आणि इथे बघा, मेलेल्यांना भेटायला समुद्र ओलांडलाय. मेलेली माणसं सोयीची. त्यांना दवाखान्यात न्यावं लागत नाही.”

अट्रॅक्टाने तिच्याकडे नीट पाहिले. हे वाक्य तिच्या स्वतःच्या तोंडात शोभले असते. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही त्या हिरव्या कळपातून ऐकून तिला ठेच लागल्यासारखे झाले.

“मग तुम्ही कशाला आलात?” तिने विचारले.

“मला म्हणाले, प्रार्थना कुणी तरी म्हणायला पाहिजे. यांना एकालाही येत नाही.” बर्निसने स्वेटरच्या खिशातून जपमाळ काढली. मणी झिजून लहानमोठे झाले होते. “ते भाषण संपलं की मी माझं काम करणार. नावं सांगा. इथे कोण कोण राहायचं? हळू सांगा, एकेक. मी प्रत्येकासाठी वेगळी म्हणते. घाऊक मला जमत नाही.”

नावे अट्रॅक्टाकडे तयार असत. पॅट्रिक, मेरी, ब्रिजेट. कुठल्याही घराला बसणारी, कुणालाही पुरणारी. ती सांगायला तिने तोंड उघडले. म्हातारी मान तिरकी करून, चांगला कान पुढे करून बसली होती. पहिला मणी चिमटीत धरून. तिच्या चेहऱ्यावर ना भक्ती होती ना गहिवर. धुणे मोजून घ्यायला बसलेल्या बाईसारखी ती नुसती वाट बघत होती.

“माइल्स,” अट्रॅक्टा म्हणाली.

“माइल्स. बाप?”

“बाप.”

“चांगला होता?”

“नाही.”

“मग त्याला जास्त लागेल,” बर्निस म्हणाली आणि पुटपुटायला लागली. ड्वेनचे भाषण तेवढ्यात संपले होते. लोक एकेक करून खुर्चीभोवती गोळा झाले. कुणाला शब्द येत नव्हते, पण आत्याने ‘हे प्रभो, त्याला सार्वकालिक विश्रांती दे’ म्हटले की मागून ते अडखळत ‘आमेन’ म्हणत. माइल्स होर्कनसाठी त्याच्या मातीलासुद्धा इतकी माणसे जमली नव्हती.

“पुढे?”

“ओनर. त्याची बायको.” अट्रॅक्टाने काठीने आतल्या एका कोपऱ्याकडे दाखवले. “आणि ऊना. तान्ही होती. एक हिवाळा जगली.”

“कशानं गेली?”

“खोकल्यानं. त्या कोपऱ्यात पाळणा असायचा.”

मघाशी हुंदका दिलेली तरुणी त्या कोपऱ्याकडे वळली. तिथे रान माजले होते. कुणी काही न सांगता तिने ते हाताने उपटायला सुरुवात केली, तळहात लाल झाले तरी थांबेना. मूर्ख पोरगी, अट्रॅक्टाच्या मनात आले. हातमोजे तरी घालावेत. पण तिला थांब म्हणवेना.

“पुढे?”

अट्रॅक्टाने काठीने दारातली वेल बाजूला सारली.

“एवढीच होती? आयरिश घर आणि तिघंच?” बर्निसने विचारले.

“फेस्टस. मुलगा.”

“तो कधी मेला?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?” म्हातारी चिडली. “मेला की नाही ते तरी सांगा. मेलेल्यांची म्हणू की प्रवासातल्यांची? दोन वेगळ्या आहेत. चुकीची म्हटली तर कुणालाच लागत नाही.”

“फेस्टस!” ड्वेन गर्दीतून पुढे सरकला. त्याने फोन काढला होता, अंगठे तयार होते. “हा आमच्याकडे नाहीच! थांबा, थांबा. कुठे गेला तो?”

“इंग्लंडला.”

“का?”

“कालवडीवरून भांडण झालं.”

“कालवड,” ड्वेन आनंदाने म्हणाला, टिपून घेत. “बघा, असे तपशील कुठे मिळतात! आणि साल? साल आहे का?”

गर्दीच्या मागे व्हर्ना उभी होती. तिने तोंड उघडले नव्हते. ती पाठीवरच्या पिशवीचे पट्टे धरून, बसची वाट बघणाऱ्यासारखी उभी होती. रस्त्यापलीकडे जार्लाथ फाटकावरून सरळ झाला होता आणि त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

“चौऱ्याहत्तर साली,” अट्रॅक्टा म्हणाली. “जुलैमध्ये. गवत कापून पडलं होतं.”

“अठराशे चौऱ्याहत्तर,” ड्वेन मोठ्याने म्हणत टाइप करू लागला.

त्याला तसेच लिहू द्यायला काहीच लागले नसते. तो ते विस्कॉन्सिनला घेऊन गेला असता, कुळाच्या झाडावर टांगले असते, आणि फेस्टस होर्कन कायमचा ग्रोर्क होऊन, भुकेला, अनवाणी आणि ताठ मानेचा होऊन मरून गेला असता. अट्रॅक्टाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“नाही,” ती म्हणाली. “एकोणीसशे.”

ड्वेनचे अंगठे थांबले. त्याने एकदा फोनकडे पाहिले, एकदा भिंतींकडे, आणि मग या बाईकडे, जणू ती आत्ताच कुठून तरी येऊन उभी राहिली होती. कोपऱ्यातली तरुणी उपटलेले रान हातात तसेच धरून उभी होती.

बर्निसने मात्र मान हलवली.

“मग प्रवासातल्यांची,” ती म्हणाली, आणि तिने पुढचा मणी धरला.